सोमवारचं गरम पाणी

चहा काही उकळता नव्हता, असं मार्जरी क्रुक्स बाहेर सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत होती. पण तो उकळता होता. एनिड स्टॅनिफोर्थला ते पक्कं माहीत होतं, कारण किटली तिनेच भरली होती. चॅपेलच्या मागच्या सभागृहाला लागून जे लहानसं स्वयंपाकघर होतं तिथे तिला आणून बसवलं होतं, आणि कपबशा बाहेर सरकवायच्या खिडकीची फळी अर्धीच लागत असल्यामुळे बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. खुर्च्या सरकल्याचा आवाज, रॉय डंगवर्थचं कण्हणं, कुणीतरी "लोणी लावा, लोणी" म्हणालं त्यावर नॉर्मनचं "लोणी कसलं, तो काय टोस्ट आहे का?" कुणी हसलं नाही. एनिडचा उजवा हात अजून किटलीच्या कानाच्या आकारात वळून राहिला होता. दुसऱ्या हाताने तिने तो उघडला, एकेक बोट सोडवून, आणि मांडीवर ठेवला. म्हातारा, डागाळलेला, कुणालाही निरुपद्रवी वाटेल असा हात. तिने तिथे लाज शोधली. सापडली नाही. छातीच्या खाली काहीतरी अजून धगधगत होतं आणि ते अजून मागत होतं: आणखी एक किटली, आणि या वेळी हातावर नको, तोंडावर.

भांडण गठ्ठ्यांवरून झालं होतं. जुन्या दफन-नोंदी उतरवणाऱ्या हौशी मंडळाचे लोक दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी इथे जमत. काम साधं होतं आणि न संपणारं होतं. शेफिल्डच्या दफनभूमींच्या जुन्या वह्यांची छायाचित्रं संगणकावर चढवलेली होती. ती आपापल्या घरी बघत एकेक नाव टाइप करायचं, म्हणजे जगात कुठेही बसलेल्या माणसाला आपलं पुरलेलं माणूस फुकट शोधता यावं. पानांचे गठ्ठे पाडलेले असत आणि गठ्ठा ढिगाच्या वरून घ्यायचा असे. एका वेळी एकच. तो पुरा करून परत केला की मगच पुढचा. एकाने घेतलेला गठ्ठा दुसऱ्याला उघडत नसे, म्हणून अडवून ठेवायचा नाही. दिसेल तसं उतरवायचं, वहीतली चूकसुद्धा सुधारायची नाही, ओळ गाळायची नाही. आणि एक नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळत: आपल्या घरचं माणूस ज्या पानावर असेल ते पान मागून घ्यायचं नाही. आपल्या नंबराने समोर आलं तर आलं. मंडळ चालवणारी मार्जरी नव्या माणसाला हसत सांगायची, "इथं प्रत्येकाचं कुणीतरी पुरलेलंय बाबा. जो तो आपापलंच उकरायला लागला तर बाकीच्यांना कोण उतरवणार?"

एनिडने हा नियम ऐकला त्या दिवशी तिला एखाद्या ओळखीच्या घरात शिरल्यासारखं वाटलं होतं. नवरा गेला त्यानंतरच्या हिवाळ्यात ती इथे आली. तेव्हा वह्या व्हिक्टोरिया राणीच्या काळात होत्या. तिथून ती चालत निघाली. पायी चालल्यासारखीच, वर्षामागून वर्षं, रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, गॅसवर अंडं उकळत ठेवून. पटकीची पोरं उतरवली. भट्टीत पडलेले, साखळी तुटून खाली चिरडलेले, धार लावायच्या दगडाचे तुकडे लागून मेलेले. फ्लूच्या वर्षी एका पानावर एका घरातले पाच. मग दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले त्या दोन रात्रींची पानं आली, आणि त्यांत कारकुनाच्या सुबक अक्षरात "पुरुष, ओळख नाही", "बाई, ओळख नाही", आणि एका ओळीत नुसतंच "अवशेष". ती ओळ तिने उतरवली, दिसली तशी, आणि मग अंडं फेकून दिलं. पण पुढची ओळ घेतली. कारण पुढे, दर गठ्ठ्यागणिक एकेक पाऊल जवळ येत, सत्तेचाळीस सालचा फेब्रुवारी होता, आणि त्यातल्या कुठल्या तरी पानावर आयव्ही होती. आयव्ही हॅलम, तिची धाकटी बहीण. सार्वजनिक कबरीत, अनोळखी माणसांच्या वरखाली पुरलेली. वर दगड नाही, खूण नाही. कुठली कबर ते घरातल्या कुणालाच माहीत नव्हतं. दफनभूमीच्या कचेरीत जाऊन विचारता आलं असतं. किती सोपं होतं ते. लग्नानंतर एकदा ती तिथपर्यंत गेलीही होती. खिडकीपाशी लोक उभे होते. ती शेवटी जाऊन उभी राहिली, आणि नंबर जवळ यायला लागला तशी तिने रांग सोडली. ती बाहेर पडली, बस पकडली, आणि घरी जाऊन जिना घासून काढला.

गेल्या महिन्यात सेहेचाळीसचा डिसेंबर तिने परत केला. उशीर झाला होता, कारण डोळ्यांच्या मधोमध आता एक राखाडी डाग बसलेला होता. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं आणि कडेचं तेवढं उरायचं. मान तिरकी करून, अक्षरं मुठीएवढी करून, ती डोळ्याच्या कोपऱ्यातून वाचायची. वसंतापर्यंत तेवढंही राहील असं डॉक्टरला वाटत नव्हतं. मंडळात तिने फारसं कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या तिरक्या मानेवरून ज्यांना कळायचं त्यांना कळलं. आणि या गुरुवारी सकाळी संगणकावर पुढचा गठ्ठा घ्यायला ती गेली तर ढीगच नव्हता. सत्तेचाळीस साल सगळंच्या सगळं घेतलेलं. प्रत्येक गठ्ठ्यासमोर एकच नाव, रॉय डंगवर्थ. मार्जरीच्या चांगुलपणामुळे संगणक कुणाला अडवत नसे. सगळं विश्वासावर होतं.

आज चहाच्या वेळी तिने त्याला विचारलं. रॉय वाईट माणूस नव्हता, हेच तर चीड आणणारं होतं. निवृत्त पोस्टमन, गोल तोंडाचा, सगळ्यांच्या खुर्च्या लावणारा. तो म्हणाला, "अहो एनिडबाई, पडून राहिली असती ती पानं. तुम्ही लोक मुंगीसारखे चालता. मी एका झटक्यात सगळी घेऊन ठेवली, पानांची छायाचित्रं फोनमध्येसुद्धा साठवली. माझं स्वतःचं एक पान काढतोय ना इंटरनेटवर, अ‍ॅटरक्लिफच्या घराण्यांचं. सावकाश करीन." ती म्हणाली, "एका वेळी एकच घ्यायचा." तो हसला आणि तिच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "तुम्हाला हवाय कशाला आता? तुम्हाला कुठं दिसतंय?" आणि बिस्किट घ्यायला त्याने हात पुढे केला. तो हात तिला अगदी स्पष्ट दिसला, डोळ्याच्या कोपऱ्यात, गुलाबी, मऊ, बशीवर वाकलेला.

"पोलिसांना बोलवायचं का?" बाहेर कुणीतरी विचारत होतं.

"पोलीस कशाला, काही तरीच!" मार्जरी म्हणाली. "तिचा तोल गेला."

"कुठला तोल?" नॉर्मनचा आवाज. "मी शेजारीच होतो. दोन हातांनी उचलली तिनं किटली. नेम धरून. माझ्या नातवाला फुटबॉलमध्ये एवढा नेम असता तर बरं झालं असतं."

दोन हातांनी. तिला आठवत नव्हतं. तिच्या हातांना आठवत होतं ते वजन दुसरंच होतं, जस्ताच्या बादलीचं, आणि ते वजन तिचंही नव्हतं. आईचं होतं. अ‍ॅटरक्लिफमधला, कारखान्यांच्या वस्तीतला तिच्या लहानपणचा चौक म्हणजे सहा घरांच्या पाठी एकमेकींकडे केलेल्या, मधे काळ्या विटांची फरसबंदी, एक नळ, दोन संडास, आणि कोपऱ्यात धुण्याची खोली. त्या खोलीतला तांब्याचा बंब म्हणजे चौकाचा राजा होता. विटांच्या चुलीवर बसवलेला, पोटात चारपाच बादल्या पाणी मावणारा. ज्याचा वार त्याने आपला कोळसा आणायचा, पहाटे चूल पेटवायची, संध्याकाळी राख काढून बंब पुसून ठेवायचा. सोमवार मिसेस टिंगलचा, मंगळवार आईचा, आणि पुढे तसेच. मंगळवार हा एनिडच्या लहानपणातला सगळ्यात सुंदर दिवस होता. आजही मंगळवारी उठल्यावर तिला क्षणभर सोड्याचा आणि ओल्या लाकडाचा वास येतो. वाफ इतकी की आई कमरेपासून वर नाहीशी झालेली असायची, फक्त लाल कोपरं आत-बाहेर करताना दिसायची, आणि वाफेतून तिचं गाणं यायचं, बेसूर, पोलाद-कारखान्यांच्या भोंग्याबरोबर चढणारं. आयव्ही बंबाच्या चुलीपाशी उकिडवी बसून निखाऱ्यांना नावं द्यायची. हा आजोबा, हा पाद्री, ही मिसेस टिंगल. मिसेस टिंगल म्हणजे सगळ्यात मोठा निखारा, कारण बाई होतीच तशी, खांद्यांनी रुंद, तीन मुलगे गिळून बसल्यासारख्या पोटाची, आणि वाराच्या बाबतीत लोखंडासारखी. दोरीवर दुसऱ्याचा टॉवेल तिच्या सोमवारी दिसला तर ती तो घडी घालून, अगदी नीट घडी घालून, चिखलात ठेवायची. बायका तिला शिव्या द्यायच्या आणि तिच्यामुळेच चौक चालायचा. ती नसती तर धटिंगणांनी रोज बंब घेतला असता आणि गरीब बापडीला कधी मिळालाच नसता, हे एनिडला पुढे मोठेपणी कळलं.

तो हिवाळा आला तेव्हा नळ गोठला. बाप्ये कामावर जाण्याआधी नळाला जळता कागद गुंडाळायचे, पाणी थेंबाथेंबाने यायचं, बायका बादल्या लावून उभ्या राहायच्या आणि बोटं बादलीच्या कड्यांना चिकटायची. कोळसा मिळत नव्हता. शेफिल्डला, जिथे जमिनीखाली सगळा कोळसाच, तिथे कोळसा मिळत नव्हता, आणि बायका बाबागाड्या घेऊन रुळांच्या कडेला सांडलेले तुकडे वेचत हिंडायच्या. आयव्हीला हगवण लागली होती. अंथरुणं, दुपटी, आईचा एकुलता एक बरा स्कर्ट, सगळं खराब झालं होतं, आणि मंगळवार उद्यावर होता, आणि घरात चुलीपुरता कोळसा नव्हता. सोमवारी सकाळी मिसेस टिंगलने बंब पेटवला. कुठून कुणास ठाऊक तिने पोतंभर कोळसा आणला होता, तीन मुलग्यांच्या कारखान्यातल्या कपड्यांसाठी. पाणी उकळायला लागलं आणि ती पावाच्या रांगेत गेली. आईने खिडकीतून तिला जाताना पाहिलं. एनिडने आईला पाहताना पाहिलं. आईने बादली उचलली.

काय झालं ते एनिडने नऊ वर्षांची असताना जसं पाहिलं होतं तसं तिला अजून दिसतं, आणि गंमत अशी की त्या आठवणीत मधोमध डाग नाही, तिथे सगळं स्वच्छ आहे. वाफ. आईने एक बादली घरी नेली होती आणि दुसरीला आली होती. आयव्ही तिच्या मागे, तापाने लाल, अंगात बापाचा बनियन, आईच्या झग्याचं टोक मुठीत धरून. दार उघडलं. मिसेस टिंगलच्या काखेत पाव होता. ती ओरडली नाही. तिने पाव फळीवर ठेवला, भिंतीशी टेकवलेला कपडे बडवायचा दांडा उचलला आणि आईच्या खांद्यावर घातला. आवाज ओल्या कपड्यावर मारल्यासारखाच आला. "माझ्या कोळशाचं!" ती म्हणाली. "माझ्या पोरांनी वेचलेल्या कोळशाचं!" दुसरा फटका कानशिलावर. आईने बादली सोडली नाही. "देते, परत देते, म्हशी, मंगळवारी देते!" "मंगळवारी देते? मला मंगळवारचं सांगतेस, चोरटे?" मिसेस टिंगलने दांडा टाकून बादलीच्या कड्याला हात घातला. आता दोघींचे चार हात त्या कड्यावर होते, आणि दोघीजणी दात विचकून ओढत होत्या. दोघीही ज्या बायकांना एनिड ओळखत होती त्या नव्हत्या, आणि आईच्या नाकातून रक्त येऊन ते ओठावरून दातांत उतरत होतं. मग बादली कुणीतरी सोडली. कुणी, ते एनिडने आयुष्यभर पुन्हा पुन्हा पाहिलं आहे आणि तिला कळलेलं नाही. बादली आपटली नाही. ती फक्त मागे कलंडली, एखाद्याने शांतपणे ओतावी तशी.

आयव्ही दोन दिवस जगली. चौकशीला आलेल्या माणसापुढे दोघी बायका शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, एकीच्या डोक्याला पट्टी, आणि दोघींनी एकच सांगितलं, पोर खेळता खेळता पडली. आईला मग ताप भरला. पुरायला बाप एकटाच गेला. रेल्वेच्या रुळांचं पोलाद लाटणारा तिचा बाप, ज्याला बोलण्यापेक्षा पट्टा काढणं सोपं वाटायचं. जमीन गोठलेली होती, कुदळीने ठिणग्या उडत होत्या, एवढंच तो म्हणाला. आई अंथरुणातून विचारायची, "कुठं ठेवलीत? कुठल्या बाजूला? झाडाजवळ का?" आणि तो काही बोलायचा नाही. एकदा तिने फारच विचारलं तेव्हा त्याने तिला अंथरुणातून ओढून काढून मारलं, भिंतीवर तिचं डोकं आपटत, दर आपटण्याबरोबर एकेक शब्द म्हणत, "मला. नाही. माहीत. बाई. मी. बघितलं. नाही." आणि मग तिच्या पायांपाशी बसून रडला. तो पुढे कारखान्यात क्रेनखाली सापडून गेला. आईने नंतर कधी विचारलं नाही. आणि चौकात एक गोष्ट सुरू झाली. दर सोमवारी धुणं आटपलं की मिसेस टिंगल बंबात अर्धं पाणी ठेवायची, खाली निखारे ठेवायची, आणि दार उघडं टाकून जायची. दर सोमवारी आई ते पाणी खिडकीतून थंड होताना बघायची. एक थेंब तिने कधी घेतला नाही. चौक पाडायला माणसं आली तोवर हे चाललं, पाऊस असो, ऊन असो. त्या दोघी पुन्हा एक शब्द बोलल्या नाहीत. एनिडने त्या खिडकीपाशी उभं राहून जे शिकायचं ते शिकून घेतलं. बसच्या रांगेत, खाटकाच्या दुकानात, नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांत इस्पितळात, कुठेही ती कुणाच्या पुढे गेली नाही. आपला वार येईपर्यंत थांबायचं. कारण जो थांबत नाही त्याच्या मागे कुणीतरी झग्याचं टोक धरून उभं असतं.

"तर मग असं," मार्जरी बाहेर घसा साफ करून म्हणत होती. "रॉयने सगळे गठ्ठे परत ढिगावर ठेवायचे. आजच्या आज. आणि एनिडला... एनिडचा प्रवेश बंद करावा लागेल. मलाही वाईट वाटतंय. पण माणूस भाजलाय."

"आणि ती पानं?"

"ज्याचा नंबर येईल तो करेल. येतील दोनेक वर्षांत सगळ्यांना बघायला."

एनिडने ऐकलं. दोनेक वर्षं. त्यात चूक काही नव्हती. तिनेही तेच ठरवलं असतं. ती उठली, कपबशा धुवायला नळ सोडला, कारण रिकामं बसणं तिला कधी जमलं नव्हतं, आणि तेवढ्यात दार ढकलून रॉय आत आला. हाताला ओला टॉवेल, तोंड पांढरं फटक.

"त्या संडासातल्या नळाला धारच नाही," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "जरा सरका."

ती सरकली नाही. तिने त्याचं मनगट धरलं, टॉवेल काढला आणि हात धारेखाली नेला. कातडी लाल होऊन वर उचलली गेली होती, अंगठ्याच्या मागे फोड पाण्याने भरत होता. तो कळवळला. "मी धरतो. सोडा."

"गप उभा राहा. बराच वेळ धरावा लागतो. आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. आम्ही पीठ लावलं होतं."

"कुणाला?" त्याने विचारलं. तिने त्याचा हात धारेखाली फिरवला. मग तो म्हणाला, "वेड्या आहात तुम्ही. चार गठ्ठ्यांसाठी माणूस जाळता? काय होतं एवढं तुमचं त्यांत?"

"बहीण."

नळ वाहत राहिला. रॉय तिच्याकडे बघत असावा. त्याच्या तोंडाच्या जागी तिला डाग दिसत होता, आणि डागाभोवती कान.

"मग सांगायचं ना!" तो म्हणाला. त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "अहो, पाच मिनिटांचं काम! मी काढून दिलं असतं. मार्जरीने दिलं असतं. कुणीही, कधीही दिलं असतं, बाई. नुसतं विचारायचं."

पाच मिनिटं. तिने मोकळ्या हाताने ओट्याची कड धरली. नुसतं विचारायचं. मिसेस टिंगल, पोरीला हगवण लागलीय, एक बादली द्याल का? आणि बाई म्हणाली असती, एकच हं, आणि कोळसा परत करायचा. दिली असती. पुढचा एकेक सोमवार उघड्या दारातून तेच तर सांगत होता. आई हे जाणून त्या खिडकीत उभी राहायची, आणि एनिडला वाटायचं आई शिस्त पाळतेय. इतकी वर्षं, व्हिक्टोरियापासून पायी, सगळ्या शहराच्या मढ्यांवरून एकेक ओळ चालत, ती एका चुकीच्या गोष्टीकडे निघाली होती का? तिला या माणसाचं तोंड त्या पोलादी ओट्यावर आपटावंसं वाटलं, त्याच्या चांगुलपणासकट, दर आपटण्याबरोबर एकेक शब्द म्हणत. बापाला कसं वाटलं असेल ते तिला पहिल्यांदा नीट कळलं.

रॉयने डाव्या हाताने खिशातून फोन काढला होता आणि अंगठ्याने चाचपडत होता. "नाव काय?"

"तू ती फोनमध्ये घ्यायला नको होतीस."

"नव्हती घ्यायला पाहिजे. घेतली. नाव काय?"

बाहेर फळीपाशी हालचाल थांबली होती. कुणीतरी कान देऊन उभं होतं.

"हॅलम," ती म्हणाली. "आयव्ही हॅलम. फेब्रुवारी."

तो शोधत राहिला. पाणी त्या दोघांच्या हातांवरून वाहत होतं आणि तिची बोटं बधिर होत चालली होती, पण मनगटावरची पकड तिने सैल केली नाही. "हॅ... हॅ... हं. हे बघा. पानाच्या खालच्या बाजूला. बघा ना."

"मला दिसत नाही, तूच म्हणालास."

"मग मी वाचतो. आयव्ही—"

तिने अंगठा त्याच्या फोडावर ठेवला आणि दाबला. रॉय किंचाळला. फोन ओट्यावर पडता पडता राहिला. बाहेर मार्जरी म्हणाली, "अगं बाई!" आणि कुणीतरी दाराकडे धावलं, पण दार उघडून तिथेच थांबलं.

"वरून वाच," एनिड म्हणाली. "पहिल्या ओळीपासून. मधूनच नाही."

"अहो पण तुम्हाला हवंय ते—"

"वरून. दिसतंय तसं. गाळायचं नाही."

तिचा अंगठा तिथेच होता. रॉयने ओठ चाटले. दारातल्या माणसांकडे त्याने एकदा बघितलं, आणि मग का कोण जाणे त्यांना थांबायची खूण केली.

"हर्बर्ट सिडल," तो वाचू लागला. "एकाहत्तर. कटलरी कामगार. नेली ऑक्सली आणि मूल—"

"एका ओळीत आहेत का दोघं?"

"नाही. दोन ओळी."

"मग दोन ओळी वाच."

"नेली ऑक्सली, चौतीस, गृहिणी. ऑक्सली, नाव नाही, मुलगा, एक तास." त्याचा आवाज खाली आला होता. "विल्फ्रेड बार्बर, सोळा, रुळावर. एडिथ... एडिथ पुढचं वाचता येत नाही."

"मग तसं म्हण."

"एडिथ, आडनाव वाचता येत नाही, ऐंशी. थॉमस—" तो चालत राहिला. प्रत्येक नावाला ती मान किंचित हलवत होती, जशी टाइप करून झालेल्या ओळीला हलवायची. गोठलेल्या जमिनीत त्या आठवड्यात गेलेली ही सगळी माणसं एकामागून एक स्वयंपाकघरात येऊन उभी राहत होती, बादल्या घेऊन, कुणी कुणाला ढकलत नव्हतं. रॉयचा हात तिच्या हातात गार पडला होता. तिचाही, आणि कुठला कुणाचा हे पाण्याखाली कळत नव्हतं.

"आयव्ही हॅलम," तो म्हणाला. "पाच. वडील, पोलाद कामगार. सार्वजनिक कबर, उत्तर बाजू, भिंतीलगत. अनुक्रमांक—" त्याने तो सांगितला. मग तो थांबला. त्याला तसं थांबणं योग्य वाटलं असावं. दारातल्या कुणीतरी नाक ओढलं. मार्जरी अगदी हळू म्हणाली, "एनिड, अगं राणी..."

उत्तर बाजू. भिंतीलगत. तिथे झाड नव्हतं.

एनिडने पुन्हा अंगठा दाबला.

"आई गं! झालं की आता! सापडली ना!"

"पान संपलं का?"

"नाही, पण—"

"मग थांबलास कशाला?" ती म्हणाली, आणि नळ थोडा मोठा केला. "तिच्या मागे किती जण उभे आहेत. वाच."